गप्प गिऱ्हाइकाचा प्याला

बारटेंडरला काही सांगायचे नसते, असा एक संकेत गेल्या काही वर्षांत आमच्या परिचयातील सुशिक्षित मंडळींनी आपापसांत ठरवून टाकलेला दिसतो. त्याने जे पुढ्यात ठेवले ते प्यावे, आवडले नाही तर अर्धे टाकावे, बिल भरावे, उठावे आणि घरी येऊन चार मित्रांना तेथे न जाण्याचा सल्ला द्यावा. यास हे लोक सभ्यता म्हणतात. समोरच्या माणसाला त्याच्या कामाबद्दल तोंडावर चकार शब्द न काढता पाठीमागे त्याचे गिऱ्हाईक तोडणे यात सभ्यता कोठून आली, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे आणि ते जरा विस्ताराने मांडण्याचा येथे विचार आहे.

पुस्तकांची चर्चा करणाऱ्यांनी मद्याची चर्चा कशाला करावी, असे कोणी विचारील. अवश्य विचारावे. परंतु करणाऱ्याला न करणाऱ्याने काही सांगावे काय, हा प्रश्न जितका कवितेचा आहे तितकाच पेल्याचाही आहे. "आधी एक कथा लिहून दाखवा, मग बोला" हे वाक्य ज्यांनी उभ्या आयुष्यात दहा वेळा ऐकून घेतले, त्यांना "आधी काउंटरमागे उभे राहून दाखवा" हे वाक्य परके वाटू नये. आमटी खारट झाली हे सांगायला फोडणी देता यावी लागत नाही.

मौज अशी की, बोलण्याची सवय आम्हां लोकांस नाही असेही नाही. उन्हाळ्यात रसवंतीगृहापुढे पाच मिनिटे उभे राहावे. "बर्फ नको", "आले-लिंबू घालून काढा", "चोथा तिसऱ्यांदा घालू नका हो" अशा सूचनांचा तेथे पाऊस पडत असतो आणि चरक फिरवणारा मनुष्य त्या निमूटपणे पाळत असतो. भेळवाल्यास कांद्याचे प्रमाण सांगितले जाते. मिसळीच्या दुकानात तर्रीवरून वाद होतात. आणि पानवाल्याशी होणारा संवाद तर या प्रकाराचा आदर्शच मानावा लागेल. चुना किती, कात किती, सुपारी भाजकी की कच्ची, तंबाखू १२० ची की ३०० ची, हे सारे पहिल्या दिवशी गिऱ्हाईक सांगते, आठवड्याभरात पानवाल्याच्या हाताला ते पाठ होते, आणि एखाद्या दिवशी चुना जास्त होऊन जीभ भाजली तर दुसऱ्या दिवशी टपरीवर जाऊन "काल काय केलंत?" असे विचारले जाते. पानवाला "काल पोरगं होतं दुकानावर" असे बहुधा खोटेच सांगतो आणि त्या दिवशीचे पान मन लावून करतो. यात कोणाचाही अपमान होत नाही. टपरी वर्षानुवर्षे चालते ती या बोलण्यावर.

हाच मनुष्य संध्याकाळी परमिट रूमचे काळ्या काचेचे दार ढकलून आत शिरला की त्याची वाचा बसते. आत त्याला एकच प्रश्न विचारला जातो: "साहेब, पाणी का सोडा?" त्याचे उत्तर त्याने दिले की गिऱ्हाईक आणि दुकान यांच्यामधला संवाद संपला, उरलेली संध्याकाळ चखण्याची. अर्थात दोन बाबतींत तो तेथेही जागरूक असतो, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. क्वार्टरचे सील टेबलावर, डोळ्यांसमोर फोडले जावे, याविषयी तो आग्रही असतो. साठ मिलिलिटर मापाने ओतले की मनगटाने, याकडे त्याची घारीची नजर असते. म्हणजे आपण फसवले जाऊ नये एवढे तो पाहतो. आपल्याला जे मिळाले ते चांगले आहे की वाईट, यावर आपले काही मत असू शकते आणि ते उच्चारता येते, ही कल्पना मात्र त्याच्या मनाला शिवत नाही.

याचे एक कारण उघड आहे. परमिट रूममध्ये काही बनवलेच जात नाही. बाटली, सोडा, बर्फाचे भांडे टेबलावर येते आणि गिऱ्हाईक स्वतःच स्वतःचा बारटेंडर होतो. स्वतःशी तक्रार कोण करणार? परंतु याहून खोलवरचे कारण आमच्या मते कायद्यात आहे. १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला आणि १९५० साली मुंबई शहरातही संपूर्ण दारूबंदी आली. मोरारजी देसाईंच्या नावाशी तो काळ कायमचा जोडला गेला. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत बंधने सैल झाली, परमिट रूम हा शब्द मराठीत रुळला, पण तो कायदा गेला नाही. नाव बदलून तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा झाला, एवढेच. त्या कायद्याखाली मद्य पिणाऱ्याला जो परवाना लागतो त्याचा हेतू काय लिहिलेला असतो, हे फार थोड्यांनी वाचले असेल. प्रकृती राखण्यासाठी, आरोग्य टिकवण्यासाठी विदेशी मद्य बाळगण्याचा व पिण्याचा तो परवाना आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने बारमध्ये बसलेला प्रत्येक मराठी मनुष्य रोगी आहे. आणि रोग्याने काढ्याच्या चवीबद्दल वैद्याशी हुज्जत घालायची नसते.

दारूबंदीच्या काळात ज्यांनी आंटीच्या घरी, मागल्या खोलीत बसून घाईघाईने पेला रिकामा केला, त्यांच्याकडून तर चवीची अपेक्षाच करता येत नाही. पोलीस कधी येईल याचा नेम नाही, पेल्यात काय आहे याचा नेम नाही. तेथे "जरा कमी कडक करा" असे म्हणणार कोण? ते जगून बाहेर पडले हेच पुष्कळ. पण त्यांच्या मुलांनी आणि नातवंडांनी ती मान खाली घालण्याची रीत तशीच्या तशी का उचलावी? आज ते उघड्या दारातून आत जातात, एका पेल्याला आठशे-हजार रुपये मोजतात, वर कर भरतात, आणि तरीही चोरून आल्यासारखे बसतात.

वाङ्मयानेही या बाबतीत आम्हांस फारसा हात दिलेला नाही. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून आजवर सुधाकराच्या अधःपाताची चर्चा चालू आहे, तळीरामावर लेख लिहिले गेले आहेत, सिंधूसाठी प्रेक्षागृहे रडली आहेत. प्याले मोजले गेले. प्याल्यात काय होते आणि ते कसे होते, याची चौकशी करणारा लेख निदान आमच्या वाचनात आलेला नाही. (गडकऱ्यांच्या नाटकात तो प्रश्न अप्रस्तुत होता हे आम्हांस कळते. शंभर वर्षांनंतरही तो अप्रस्तुतच राहावा, याचे नवल वाटते.) भाषेचेही तसेच. पेय बनवणाऱ्या माणसाला मराठीत शब्द काय? कलाल आणि गुत्तेवाला हे विकणारे आहेत, तेही तुच्छतेने उच्चारलेले. साकी हा गझलेतून उसना आणलेला. तो बोलायचा विषय नाही, पाहायचा आहे. यांतल्या कोणालाही "साखर अंमळ कमी घाला" असे सांगता येत नाही. शेवटी बारटेंडर हा इंग्रजी शब्दच वापरावा लागतो.

आता एक पेय घेऊन बोलू, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही. ओल्ड फॅशन्ड हे नाव मुंबई-पुण्यातील बऱ्याच बारांच्या यादीत आज आढळते. ते आम्ही निवडले याचे कारण असे की, ते पेय निदान नावाने तरी गिऱ्हाइकाच्या तक्रारीतूनच जन्मलेले आहे.

१८०६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क राज्यातील हडसन या गावी निघणाऱ्या 'द बॅलन्स अँड कोलंबियन रिपॉझिटरी' या पत्रात 'कॉकटेल' असा शब्द आला. एका वाचकाने पत्र धाडून विचारले की हा काय पदार्थ आहे. संपादक हॅरी क्रॉसवेल यांनी १३ मेच्या अंकात उत्तर छापले: कोणतेही कडक मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडू मुळ्या-सालींचा अर्क. संपादक फेडरलिस्ट पक्षाचे असल्याने हे पेय विरोधी पक्षाच्या उमेदवाराला फार उपयोगी आहे, कारण जो हे गिळेल तो पुढे काहीही गिळेल, अशा अर्थाची कोपरखळीही त्यांनी मारून घेतली. म्हणजे कॉकटेलची जी सुप्रसिद्ध जुनी व्याख्या आज जगभर उद्धृत केली जाते, ती एका अनामिक वाचकाने तोंड उघडले म्हणून लिहिली गेली. तो गप्प बसता तर संपादकाला काही पडलेले नव्हते.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बारटेंडर या साध्या मिश्रणात कुरासाव, मारास्किनो, ॲबसिंथ असे परदेशी पदार्थ थेंब थेंब घालू लागले. सुधारणा म्हणूनच घालू लागले. काही मिश्रणे उत्तमही होती. पण नेहमीच्या जुन्या गिऱ्हाइकांनी काउंटरवर कोपर टेकून सांगायला सुरुवात केली की हे राहू दे, जुन्या पद्धतीचे कर. जुन्या पद्धतीचे, म्हणजे ओल्ड फॅशन्ड. १८८० साली शिकागोच्या वृत्तपत्रात हा शब्द छापलेला सापडतो. (लुईव्हिलच्या पेंडेनिस क्लबात हे पेय जन्मले अशी एक कथा हौसेने सांगितली जाते. तो क्लब स्थापन झाला १८८१ साली. आईच्या आधी लेकरू जन्मल्याचे हे दुर्मीळ उदाहरण.) १८९५ साली जॉर्ज कॅपलरच्या पुस्तकात कृतीही आली: साखरेचा खडा थोड्या पाण्यात विरघळवायचा, अँगोस्टुरा बिटर्सचे दोन शिंतोडे, बर्फाचा तुकडा, लिंबाची साल, एक माप व्हिस्की, लहान चमच्याने ढवळायचे आणि चमचा पेल्यातच ठेवून द्यायचा. ज्या पेयाचे नावच गिऱ्हाइकाने बारटेंडरला केलेली सूचना आहे, ते मागवून पुढे गप्प बसणे म्हणजे काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

अमेरिकेतही दारूबंदी आली, १९२० ते १९३३. तेरा वर्षांत हात विसरले आणि जिभाही विसरल्या. बंदी उठल्यावर पेल्यात संत्र्याच्या फोडी आणि चेरी चेचून वर सोडा ओतण्याची रीत पसरली. १९३६ च्या जानेवारीत 'ओल्ड टायमर' अशा सहीने कोणा वृद्धाने न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून या फळांच्या कोशिंबिरीबद्दल संताप व्यक्त केला. त्या पत्राने एका दिवसात काही बदलले नाही. पण १९४८ साली डेव्हिड एम्बरी नावाच्या करविषयक वकिलाने, ज्याने बारटेंडरची नोकरी कधी केली नव्हती, मिश्र पेयांवर एक जाडजूड आणि अत्यंत हेकट पुस्तक लिहिले, ते आजही बारटेंडरच वाचतात. करून दाखवा म्हणणाऱ्यांनी या वकिलाची आठवण ठेवावी.

येथे कोणी आम्हांस सोवळे म्हणेल, म्हणून लगेच सांगतो. विस्कॉन्सिन राज्यात आजही ओल्ड फॅशन्ड ब्रँडीत करतात, फळे चेचतात आणि वर गोड किंवा आंबट सोडा घालतात. मूळ कृतीच्या दृष्टीने हा पाखंडाचा कळस झाला. पण तेथे बारटेंडर विचारतो की गोड, आंबट की 'प्रेस', म्हणजे अर्धा साधा सोडा आणि अर्धा गोड. आणि गिऱ्हाईक उत्तर देते. एका अख्ख्या राज्याने आपले पेय बोलून बोलून घडवले. त्यांची चव आम्हांस मानवणार नाही, पण ती त्यांची आहे. आमचा झगडा सोड्याशी नाही. कोणीच काही न विचारता, कोणीच काही न सांगता पेल्यात येऊन पडलेल्या सोड्याशी आहे.

आपल्याकडे तो पडतो कसा, ते सांगतो. साखर मद्यात सहजी विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून साखरेची वडी आधी चमचाभर पाणी आणि बिटर्समध्ये पुरती मोडायची असते. घाईत व्हिस्की आधी ओतली की साखर तळाशी वाळूसारखी बसते. मग वरचा घोट कडक आणि शेवटचा पाकासारखा लागतो. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, पण तोंड वाकडे करते. तोंड वाकडे केलेले पाहून व्यवस्थापक ठरवतो की लोकांना हे कडक लागते. मग वर सोडा येतो, आणि सोड्याने फिके झाले म्हणून गोड सिरप येते, आणि रंग यावा म्हणून लाल चेरी. बर्फ तर बहुतेक ठिकाणी पातळ, पोकळ, पाणी सुटलेला. तो पेला थंड करण्याआधीच पातळ करतो. मोठा, कोरडा तुकडा असेल तर हवे तेवढेच पाणी हळूहळू सुटते. हे पेय ढवळायचे असते, शेकरमध्ये घालून खळखळायचे नसते, कारण यात लिंबाचा रस नाही. उगाच हवा भरून गढूळ करण्यात काही लाभ नसतो. आणि संत्र्याचा रस नको असतो, सालीतले तेल हवे असते. लहानपणी आम्ही नागपुरी संत्र्याची साल दुमडून धाकट्या भावंडांच्या डोळ्यांत जी चिळकांडी उडवत असू, आणि दिवे गेल्यावर मेणबत्तीच्या ज्योतीवर उडवून ठिणग्या पाहत असू, तेच ते तेल. ते पेल्यावर उडवायचे आणि साल कडेला फिरवायची. यातले काहीही अवघड नाही, की महागडे नाही.

हे सर्व आम्हांस पुस्तकातून ठाऊक होते आणि तरीही कैक वर्षे आम्ही गप्प बसलो, ही कबुली दिलेली बरी. गप्प बसण्याचे व्रत मोडले ते आमच्यातील एका ज्येष्ठ बाईंनी. त्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असत. मुंबईतल्या एका हॉटेलच्या बारमध्ये आम्ही चौघे बसलो होतो. ओल्ड फॅशन्ड आले: सोडा, चेरी, तळाशी साखरेचा थर. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले आणि नेहमीप्रमाणे चखण्याकडे वळलो. बाईंनी वेटरला काही सांगितले नाही. पेला उचलून त्या थेट काउंटरपाशी गेल्या. आम्ही शरमेने मागोमाग.

"अहो, ही साखर विरघळलेली नाही. आधी पाण्यात विरघळवून द्याल का? आणि सोडा नको होता मला."

बारटेंडर तिशीचा असेल, बोलण्यावरून मालवणकडचा. तो रागावेल किंवा ओशाळेल असे आम्हांस वाटले होते. तो म्हणाला, "मॅडम, मला माहीत आहे. पण कार्डावर तसंच आहे."

त्याने काउंटरखालून प्लास्टिकमध्ये घातलेले एक कार्ड काढून दाखवले. प्रत्येक पेयाचे माप, क्रम, सजावट. खाली कोणाची तरी सही. सिरप इतके, सोडा इतका, चेरी एक. त्यावरून मालाचा हिशेब लागतो. त्यापासून स्वतःच्या मनाने ढळण्याची त्याला मुभा नव्हती.

"मग आता?" बाईंनी विचारले.

"गेस्टने सांगितलं तर करता येतं. तसं लिहितो मी बिलावर."

त्याने नवा पेला घेतला, साखर पाण्यात मोडली, मोठे खडे शोधून काढले, सावकाश ढवळले. दुसरा पेला पहिल्याहून पुष्कळ चांगला होता. बिटर्स जरा अधिक पडले होते; बाईंनी तेही सांगितले. "सवय गेली मॅडम," तो म्हणाला. एका जहाजावर तीन वर्षे त्याने हेच पेय रोज केले होते आणि या हॉटेलात आल्यापासून एकदाही केले नव्हते, कारण एकानेही मागितले नव्हते.

त्या रात्रीपासून आम्हांस गप्प बसण्याच्या सभ्यतेविषयी बोलवत नाही. आमच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत सद्हेतुक युक्तिवाद असा असतो की, बिचारा नोकर मनुष्य, बारा-बारा तास उभा राहतो, त्याला कशाला त्रास? ज्याला आपण त्रास म्हणतो तीच त्याला हवी असलेली एकमेव परवानगी होती. सहीच्या कार्डापुढे त्याच्या तीन वर्षांच्या हाताला किंमत नव्हती; गिऱ्हाइकाच्या एका वाक्याला होती. आमच्या दयेने त्याला कार्डापाशी बांधून ठेवले होते, आणि ती दयाही खरी नव्हती. बोलण्याचा संकोच आम्हांस होता, त्याला आम्ही त्याच्यावरील करुणेचे नाव दिले होते.

दुसरा पक्ष नव्या मिक्सॉलॉजिस्ट मंडळींचा. तेथे कार्डाऐवजी प्रतिभा असते. यादीखाली बारीक अक्षरांत छापलेले असते की पेयांत बदल करून मिळणार नाहीत. गवती चहाचा धूर, कोकमाचा फेस, बारा ओळींचे वर्णन, आणि गिऱ्हाइकाने केवळ स्तिमित व्हायचे. कोकमाला आमचा विरोध नाही. सोलकढीवर वाढलेली माणसे आम्ही. पण जो कलावंत रसिकाला तोंड उघडू देत नाही त्याच्याविषयी साहित्यात आमचे जे मत आहे तेच येथेही आहे. गवयासमोर बसलेला श्रोता दाद देतो, आणि नको तेथे दाद देत नाही. त्या न देण्याचाही गवयाला उपयोग होतो. ज्या मैफलीत टाळ्यांखेरीज काही चालत नाही ती मैफल फार काळ टिकत नसते. शिवाय या मंडळींनाही एक साधी गोष्ट ठाऊक असते: कमी गोड हवे असे सांगणारे गिऱ्हाईक पुन्हा येण्याच्या विचारात असते. ज्याला परत यायचे नाही तो कशाला बोलेल?

बोलणाऱ्यांतही एक जात अशी आहे की तिच्यापेक्षा मुके बरे. "ए छोटू" करून बोटे वाजवणारी, स्वतःचे ज्ञान टेबलावरील पाहुण्यांना ऐकू जावे म्हणून बारटेंडरला झापणारी, अर्धा पेला पिऊन झाल्यावर तो परत पाठवणारी ही जमात प्रत्येक शहरात आहे. वेटरकरवी निरोप धाडणारेही आम्हांस फारसे आवडत नाहीत. "सर बोल रहे हैं शुगर ठीक नहीं" या वाक्यातून काउंटरपलीकडल्या माणसाने काय घ्यायचे? उठावे, चार पावले चालावे, अहो-जाहो करून बोलावे. शक्य तर करण्यापूर्वी बोलावे. चूक काढण्यापेक्षा आपल्याला काय हवे ते सांगावे. पानवाल्याशी आपण हेच करतो. तेथे हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

गोव्यात हे आजही पाहायला मिळते. मार्च-एप्रिलमध्ये, काजूची बोंडे पिकून उतरू लागली की, हुर्राक येतो. गावच्या छोट्या तावेर्नात दुपारी बसलेले लोक बाटली हलवून बुडबुडे पाहतात, वास घेतात, यंदाचा गेल्या वर्षीपेक्षा कसा आहे यावर मालकाशी वाद घालतात. कोणाला लिम्का हवी, कोणाला नुसते लिंबू-मीठ, कोणाला उभी चिरलेली हिरवी मिरची. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनाच्या कितीतरी आधीपासून तिच्यावर पहारा होता तो या दुपारच्या वाद घालणाऱ्यांचा. भेसळ झाली की ते तोंडावर सांगत. महाराष्ट्रात मोहाची दारू गाळणाऱ्यांना आणि पिणाऱ्यांना असा उघड वाद घालण्याची सोय कायद्याने ठेवली नाही, त्यामुळे तिचे काय झाले ते आपण जाणतोच.

गेल्या पावसाळ्यात आम्ही त्या मुंबईच्या हॉटेलात पुन्हा गेलो. मालवणकडचा बारटेंडर नव्हता; आखाताकडे गेला असे कळले. काउंटरमागे एक कोवळा मुलगा होता. कार्ड तेच असावे, कारण त्याने ओल्ड फॅशन्डसाठी पेला घेतला आणि पाठोपाठ सोड्याची बाटली. बाई या वेळी आमच्याबरोबर नव्हत्या. थोडा वेळ आम्ही तिघे एकमेकांकडे पाहत राहिलो. मग आमच्यापैकी एक जण उठून काउंटरपाशी गेला.

"अहो, सोडा नका घालू."

"मग काय घालू, सर?"

"पाणी. चमचाभरच. आणि साखर त्यात आधी."

मुलाने बाटली खाली ठेवली आणि चमचा शोधू लागला.